तीनदा मॅट्रिकला बसलेला मुलगा आणि ल्युकेमियाचं औषध

केटी लागली की वाटतं, संपलं सगळं. घरी काय सांगायचं, ग्रुपवर काय सांगायचं! अशा वेळी येल्लाप्रगडा सुब्बाराव हे नाव आठवा. नाव ऐकलं नसेल, पण बारावीला तुम्ही जे एटीपी घोकलंत, ते ज्यांनी शोधलं त्यांच्यापैकी ते एक. आणि ब्लड कॅन्सर झालेली मुलं आज बरी होतात, त्या वाटेचा पहिला दगडही त्यांच्याच प्रयोगशाळेतून आला.

जन्म 1895 चा, आंध्रातल्या भीमावरमचा. घरची परिस्थिती बेताची. तेराव्या वर्षी हा पठ्ठ्या घरातून पळाला. काशीला जाऊन यात्रेकरूंना केळी विकायची आणि पैसे कमवायचे, असा बेत होता. आईने परत आणलं आणि शाळेत बसवलं. मॅट्रिक सुटली ती तिसऱ्या खेपेला. पुढे मद्रास मेडिकल कॉलेज. तिथे गांधीजींच्या हाकेला ओ देऊन खादी घातली, तर सर्जरीचे इंग्रज प्रोफेसर बिनसले. शेवटी एमबीबीएसऐवजी एलएमएस या खालच्या पदवीवर समाधान मानावं लागलं.

याच काळात स्प्रू नावाच्या आजाराने घरातले भाऊ गेले. या आजारात अन्न अंगी लागत नाही, माणूस झिजत जातो. सुब्बारावांच्या मनातून हे कधीच गेलं नाही.

1923 मध्ये सासऱ्यांच्या मदतीने ते बोस्टनला, हार्वर्डमध्ये पोहोचले. खर्च भागवायला हॉस्पिटलात रात्रपाळीचं हमालकाम केलं, रुग्णांची भांडी साफ केली. दिवसा प्रयोगशाळा. सायरस फिस्क यांच्याबरोबर त्यांनी रक्तातलं फॉस्फरस मोजायची पद्धत बसवली, स्नायूंतलं फॉस्फोक्रिएटिन शोधलं आणि 1929 मध्ये एटीपी. तरी हार्वर्डने कायमची नोकरी दिली नाही. 1940 मध्ये ते न्यूयॉर्कजवळच्या लेडर्ले या औषध कंपनीत गेले आणि लवकरच तिथल्या संशोधनाचे प्रमुख झाले.

आता थोडं मुंबईत या. 1928 मध्ये ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर इथे आली होती. गिरणगावातल्या गरीब गरोदर बायकांना होणाऱ्या जीवघेण्या अ‍ॅनिमियाचं कारण तिला हवं होतं. यीस्टच्या अर्काने या बायका सुधारतात, हे तिने दाखवलं. त्यातला गुण देणारा घटक म्हणजे फॉलिक अ‍ॅसिड. सुब्बारावांच्या टीमने 1945 मध्ये ते प्रयोगशाळेत तयार केलं. स्प्रूवरही त्याचा उपयोग झाला. भावांना वाचवू शकलं असतं असं औषध हाती आलं, पण पंचवीसेक वर्षं उशिरा.

गोष्ट इथे वळण घेते. हाडांच्या आतला मगज, म्हणजे बोन मॅरो, हा रक्ताचा कारखाना. ल्युकेमियात तिथे कच्च्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात आणि बाकीच्यांना जागाच उरत नाही. लाल पेशी घटल्या की थकवा, प्लेटलेट घटल्या की रक्तस्राव, चांगल्या पांढऱ्या पेशी घटल्या की जंतुसंसर्ग. बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी अशा मुलांना फॉलिक अ‍ॅसिडचे प्रकार देऊन पाहिले, तर आजार उलट भडकल्यासारखा दिसला. मग प्रश्न उलटा झाला : पेशी याच खुराकावर वाढत असतील, तर तो तोडला तर?

सुब्बारावांच्या टीमने फॉलिक अ‍ॅसिडसारखं दिसणारं पण पेशीला फसवणारं रसायन बनवलं, अमिनोप्टेरिन. ते डीएनए बनवायचं काम अडवतं. जून 1948 मध्ये फार्बर यांनी निष्कर्ष छापले : 16 पैकी 10 मुलं सुधारली. मरणाच्या दारातली मुलं पुन्हा उठून खेळू लागली. पण थोडेच महिने. आजार परत आला. शिवाय औषध चांगल्या पेशींनाही सोडत नव्हतं. तोंड सोलून निघायचं, मॅरो दबायचा.

दोनच महिन्यांनी, ऑगस्ट 1948 मध्ये, सुब्बाराव झोपेतच हृदयविकाराने गेले. वय फक्त 53. मायदेशी परतणं झालंच नाही.

अमिनोप्टेरिनचं भावंड मेथोट्रेक्सेट मात्र आजही वापरात आहे. एकट्या औषधाने भागत नाही हे कळल्यावर डॉक्टरांनी तीन-चार औषधं एकत्र द्यायला सुरुवात केली. आज मुलांमधल्या अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाचा उपचार दोन-तीन वर्षं चालतो, आणि तो पुरा झाला तर बहुतेक मुलं बरी होतात. मेथोट्रेक्सेटचा मोठा डोस दिल्यावर चांगल्या पेशी वाचवायला फॉलिक अ‍ॅसिडचाच एक प्रकार देतात. विष आणि उतारा, एकाच घरातले!

पण मॅरो दबतो, ही अडचण आजही आहे. केमोच्या काळात साधा ताप आला तरी रात्री-अपरात्री हॉस्पिटल गाठावं लागतं. प्लेटलेट लागतात, आणि त्या ब्लड बँकेत पाचेक दिवसच टिकतात. म्हणजे कोणीतरी सतत देत राहावं लागतं. तुम्ही अठरा पूर्ण केलीत, तब्येत ठणठणीत आहे? मग पुढच्या वेळी कॉलेजात रक्तदान शिबिर असेल तेव्हा कँटीनमधून थेट तिकडे वळा.

आणि केटीचं म्हणाल, तर ती सुटेल. सुब्बारावांची तिसऱ्या खेपेला सुटली होती.