सर दोराबजी टाटा

पायांत वेग आणि मनगटांत बळ असले म्हणजे खेळाडू जगज्जेता होतोच असे नाही. त्याला मोजून आखलेले मैदान लागते, जाणते पंच लागतात, सर्वांना सारखेच लागू असणारे नियम लागतात. आणि परक्या भूमीवर त्याला आपल्या देशाच्या नावाने उभे करणारी एक संस्थाही लागते. शंभर वर्षांपूर्वी भारतात चपळ धावपटू होते, कसलेले मल्ल होते. परंतु अशी संस्था नव्हती. ती उभी करण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, ते थोर उद्योगपती म्हणजे सर दोराबजी टाटा.

दोराबजींचा जन्म २७ ऑगस्ट १८५९ रोजी मुंबई येथे झाला. आधुनिक भारतीय उद्योगांचे जनक जमशेटजी टाटा यांचे ते ज्येष्ठ पुत्र. मुंबईतील शालेय शिक्षणानंतर ते इंग्लंडला गेले आणि १८७७ साली केंब्रिज विद्यापीठात दाखल झाले. तेथे अभ्यासाइतकेच त्यांचे मन मैदानावर रमले. क्रिकेट आणि फुटबॉल या खेळांत त्यांनी नैपुण्य मिळवले. दोन वर्षांनी मायदेशी परतल्यावर त्यांनी मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयातून १८८२ साली पदवी संपादन केली. पुढे १८९७ साली त्यांचा विवाह मेहेरबाई भाभा यांच्याशी झाला. मेहेरबाईही टेनिसच्या उत्तम खेळाडू होत्या आणि साडी नेसूनच त्या मैदानावर उतरत.

१९०४ साली जमशेटजी निधन पावले. पोलादाचा कारखाना, पाण्यापासून वीज आणि विज्ञानाचे विद्यापीठ ही त्यांची तीन स्वप्ने अपुरी राहिली होती. पित्याने पाहिलेली स्वप्ने पुरी करणे हेच दोराबजींनी आपले जीवितकार्य मानले. लोखंडाच्या खनिजाच्या शोधार्थ ते चांदा जिल्ह्याच्या रानावनांतून हिंडले. १९१२ साली साकची येथे, म्हणजे आजच्या जमशेदपूर येथे, पोलाद तयार होऊ लागले. १९१० साली त्यांना सर हा किताब मिळाला. मोठे काम एकट्याने होत नाही, त्यासाठी माणसांची, पैशाची आणि नियमांची नीट घडी बसवावी लागते, हा धडा त्यांना उद्योगात मिळाला. तोच धडा त्यांनी खेळाच्या क्षेत्रात गिरवला.

१९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या विद्यमाने धावण्याच्या स्पर्धा भरल्या होत्या. सर दोराबजी त्या संस्थेचे अध्यक्ष होते. स्पर्धक बहुतेक शेतकरी होते. खडबडीत जमिनीवरून ते अनवाणी धावत होते. त्यांना कोणी शास्त्रशुद्ध शिक्षण दिले नव्हते. तरीही घड्याळात त्यांच्या वेळा पाहून सर दोराबजी चकित झाले, कारण युरोपातील नामांकित धावपटूंच्या वेळांशी त्या तुलना करण्यासारख्या होत्या. या तरुणांना जगाच्या मैदानावर उतरण्याची संधी मिळालीच पाहिजे, असे त्यांच्या मनाने घेतले.

परंतु ती संधी मिळवण्याचा मार्ग सोपा नव्हता. ऑलिंपिक सामन्यांचा कारभार आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती पाहते. फ्रान्सचे पिएर द कुबेर्तें यांच्या पुढाकाराने ही समिती १८९४ साली पॅरिस येथे स्थापन झाली आणि १९१५ सालापासून तिचे मुख्य ठाणे स्वित्झर्लंडमधील लोझान या शहरी आहे. समिती आपले सभासद आपणच निवडते. हे सभासद आपल्या सरकारचे वकील नसतात. समितीचे प्रतिनिधी म्हणून ते आपापल्या देशात काम करतात. सभासद गुप्त मतदानाने अध्यक्ष निवडतात आणि दैनंदिन कारभार कार्यकारी मंडळ पाहते. प्रत्येक खेळाचे नियम मात्र त्या त्या खेळाचा आंतरराष्ट्रीय संघ ठरवतो. उदाहरणार्थ, धावणे, उड्या आणि फेक यांसाठीचा संघ १९१२ साली स्थापन झाला. तिसरा घटक म्हणजे प्रत्येक देशाची राष्ट्रीय ऑलिंपिक समिती. सामन्यांसाठी देशाचा संघ पाठवण्याचा अधिकार तिचाच असतो. समिती, संघ आणि राष्ट्रीय समित्या या तीन खांबांवर ऑलिंपिकचा सारा डोलारा उभा आहे. यांतील तिसरा खांबच भारतात नव्हता.

शिवाय भारत त्या वेळी परतंत्र होता. स्वतःचे सरकार नसलेल्या देशाने स्वतःच्या नावाने संघ पाठवावा, ही कल्पनाच धाडसाची होती. सर दोराबजींनी मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांचे साहाय्य मागितले आणि आंतरराष्ट्रीय समितीची संमती मिळवली. मग खेळाडू निवडण्यासाठी एक समिती नेमण्यात आली. शंभर मीटरच्या शर्यतीत सेकंदाचा दहावा भागसुद्धा मोजावा लागतो, ही गोष्टही त्या काळी कित्येकांना नवी होती. पैसाही अपुरा होता. तेव्हा सर दोराबजींनी आपल्या खिशातून खर्चाचा भार उचलला.

अशा रीतीने १९२० साली चार धावपटू आणि दोन मल्ल बेल्जममधील अँटवर्प शहरी पोहोचले. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन शर्यतीत धावले आणि त्यांनी १९वा क्रमांक मिळवला. रणधीर शिंदे यांनी कुस्तीत चौथा क्रमांक पटकावला. त्यांचे पदक अगदी थोडक्यात हुकले. यापूर्वी १९०० साली नॉर्मन प्रिचर्ड यांनी पॅरिस येथे भारताच्या नावावर दोन रौप्यपदके मिळवली होती. परंतु ते एकटेच होते. भारताचा संघ म्हणून खेळाडू गेले ते अँटवर्पलाच. त्याच वर्षी सर दोराबजी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सभासद झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय होत.

नियमांचे महत्त्व किती असते, याचे एक उदाहरण अँटवर्पच्या त्या मॅरेथॉनमध्येच सापडते. तेव्हा शर्यतीचे अंतर प्रत्येक ठिकाणी निराळे असे. चौगुले धावले ते अंतर ४२ किलोमीटर ७५० मीटर होते. दुसऱ्याच वर्षी, १९२१ साली, आंतरराष्ट्रीय संघाने ते ४२ किलोमीटर १९५ मीटर असे कायमचे ठरवून टाकले. तेव्हापासून जगातील कोणत्याही दोन गावांतील धावपटूंची तुलना न्यायाने करता येऊ लागली.

एकदा संघ पाठवला म्हणजे काम संपले, असे सर दोराबजींना वाटले नाही. प्रांतोप्रांती ऑलिंपिक संघटना निघाव्यात, त्यांच्या स्पर्धांतून राष्ट्राचा संघ निवडला जावा, यासाठी त्यांनी खटपट केली. मद्रासच्या वाय. एम. सी. ए. संस्थेतील शारीरिक शिक्षणाचे जाणकार डॉ. नोरेन आणि श्री. बक यांनी या कामी परिश्रम केले. १९२४ साली भारताचा संघ पॅरिसच्या सामन्यांस गेला आणि त्यासाठीही सर दोराबजींनी पैसा पुरवला.

ते वर्ष त्यांच्या कसोटीचे होते. पोलादाचा कारखाना घोर संकटात सापडला होता. कामगारांचा पगार देण्यापुरतेही पैसे उरले नव्हते. सर दोराबजींनी आपली सारी खाजगी मालमत्ता इंपीरियल बँकेकडे गहाण टाकली. मेहेरबाईंनी आपले दागिने दिले. कोहिनूरच्या दुपटीहून मोठा असा जो ज्युबिली हिरा त्यांच्यापाशी होता, तोही त्यांत होता. त्यावर एक कोटी रुपयांचे कर्ज मिळाले आणि कारखाना तगला. स्वतःच्या घरावर असे सावट असतानाही त्यांनी खेळाडूंना वाऱ्यावर सोडले नाही.

१९२७ साली भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली. सर दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष आणि डॉ. नोरेन पहिले चिटणीस झाले. तिसरा खांब आता उभा राहिला. दुसऱ्याच वर्षी सर दोराबजींनी अध्यक्षपद सोडले आणि पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंह त्या जागी आले. संस्था ही व्यक्तीची मालमत्ता नव्हे, हे त्यांच्या या कृतीतून दिसून आले. त्याच १९२८ साली ॲमस्टरडॅम येथे भारताच्या हॉकी संघाने सुवर्णपदक जिंकले.

१९३१ साली मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. त्या रोगाच्या संशोधनासाठी सर दोराबजींनी एक निधी स्थापन केला आणि आपली सारी संपत्ती दुसऱ्या विश्वस्त निधीला देऊन टाकली. ३ जून १९३२ रोजी जर्मनीमध्ये त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या निधीतून १९३६ साली मुंबईत समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था निघाली. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी भूकंपाने उद्ध्वस्त झाली, तेव्हा त्या भागातील आपद्ग्रस्तांसाठी या संस्थेने काम केले. दाता जाऊन एकसष्ट वर्षे लोटली होती, तरी त्याने लावलेले झाड सावली देत होते.

मात्र संस्था नियमाने चालली तरच ती उपयोगी पडते. २०१२ साली भारतीय ऑलिंपिक संघटनेच्या निवडणुका ऑलिंपिकच्या नियमांनुसार झाल्या नाहीत, म्हणून आंतरराष्ट्रीय समितीने तिला निलंबित केले. त्यामुळे २०१४ च्या फेब्रुवारीत रशियातील सोची येथे हिवाळी सामन्यांच्या उद्घाटनाच्या वेळी भारतीय खेळाडूंना तिरंगा हाती धरता आला नाही. ऑलिंपिकच्या ध्वजामागून त्यांना चालावे लागले. सामने चालू असतानाच निलंबन उठले आणि तिरंगा फडकला; परंतु चूक कार्यालयात झाली आणि तिची शिक्षा मैदानावरच्या निरपराध खेळाडूंना भोगावी लागली, ही गोष्ट विसरता येण्याजोगी नाही.

आज किल्लारीच्या शाळेतील एखादी मुलगी शंभर मीटर धावते, तेव्हा तिचे अंतर आणि ऑलिंपिकमधील अंतर एकच असते. तालुका, जिल्हा, राज्य आणि राष्ट्र अशा पायऱ्या चढत ती जगाच्या मैदानापर्यंत जाऊ शकते. पुण्याच्या मैदानावर अनवाणी धावणाऱ्या शेतकऱ्यांपुढे या पायऱ्या नव्हत्या. त्या बांधण्यासाठी सर दोराबजींनी आपले धन, वेळ आणि वजन खर्ची घातले. त्यांनी स्वतः ऑलिंपिकमध्ये पदक मिळवले नाही. परंतु पुढे ज्या भारतीयांनी पदके मिळवली, ते सारे त्या पायऱ्यांवरूनच वर गेले.