बायर्ड रस्टिन : पडद्यामागचा सेनापती

मार्टिन ल्यूथर किंग यांचे नाव ऐकले नाही असा विद्यार्थी आपल्या महाविद्यालयात विरळाच. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टन येथे, लिंकन स्मारकासमोर, सुमारे अडीच लाख लोकांपुढे त्यांनी केलेले भाषण जगभर गाजले. परंतु ही अडीच लाख माणसे तेथे आली कशी, त्यांना पाणी कोणी पाजले, परत घरी कोणी पोचविले, हा प्रश्न मला तरी कधी पडला नव्हता. मी शेतकऱ्याच्या घरातला. आमच्याकडे लग्नात पाचशे पानांची पंगत उठवायची तरी आठ दिवस आधीपासून घरात कोणाला झोप नसते. म्हणून एकदा तासाला मी हे विचारले, तेव्हा सरांनी फळ्यावर एक नाव लिहिले आणि त्या माणसाचे चरित्र वाचण्यास सांगितले. ते वाचून झाले तरी मनातून जाईना, म्हणून हा लेखनप्रपंच.

बायर्ड रस्टिन यांचा जन्म १७ मार्च १९१२ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील वेस्ट चेस्टर या गावी झाला. ज्यांना ते आईवडील समजत होते ते वास्तविक त्यांचे आजी-आजोबा होते, आणि जिला थोरली बहीण समजत होते ती त्यांची आई. आजी ज्यूलिया क्वेकर पंथाच्या संस्कारात वाढलेली. सर्व माणसे एकाच कुटुंबातली, हा त्या पंथाचा विश्वास तिने नातवाच्या अंगी मुरविला. आपले मन मुलींकडे नव्हे तर मुलांकडे ओढ घेते, हे बायर्डने वयात येताना तिच्यापाशी बोलून दाखविले. तिने ते शांतपणे ऐकून घेतले; रागावली नाही की रडली नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या एका लहान गावातील ही बाई! पुढे मोठमोठ्या नेत्यांना जे साधले नाही ते तिला साधले होते, असे मला वाटते.

रस्टिन उंचेपुरे होते आणि त्यांचा गळा अतिशय गोड होता. १९३७ च्या सुमारास ते न्यूयॉर्कमधील हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत राहावयास आले. काही काळ गाऊन पोट भरले, काही काळ तरुण कम्युनिस्टांच्या संघटनेत काढला. १९४१ साली तो पक्ष सोडून ते कामगार नेते ए. फिलिप रॅन्डॉल्फ यांच्याकडे आले आणि त्याच वर्षी ‘फेलोशिप ऑफ रिकन्सिलिएशन’ या शांततावादी संस्थेत नोकरीस लागले. संस्थेचे प्रमुख ए. जे. मस्ट हे त्यांना गुरुस्थानी होते. महात्मा गांधींचा अहिंसात्मक प्रतिकार अमेरिकेच्या मातीत रुजवायचा, हे त्यांचे काम. युद्धात भाग घेण्यास नकार दिल्याबद्दल १९४४ पासून त्यांनी दोन वर्षांहून अधिक काळ तुरुंगवास भोगला. तेथे त्यांचे समलिंगी संबंध उघडकीस आले तेव्हा मस्ट यांनी त्यांना पत्रांतून कडक शब्दांत झाडले. सुटून आल्यावर १९४७ साली बसमधील वर्णभेद मोडण्याच्या एका यात्रेत त्यांना पुन्हा अटक झाली, आणि १९४९ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात २२ दिवस कैद्यांच्या टोळीबरोबर रस्त्याचे काम करावे लागले. या दोन्हींच्या मध्ये, १९४८ साली, ते हिंदुस्थानात येऊन गेले. गांधीजींची हत्या त्याच वर्षी झाली होती. त्यांचे सहकारी मात्र त्यांना भेटले. तत्पूर्वी हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यासाठी वॉशिंग्टनच्या ब्रिटिश वकिलातीसमोर निदर्शने करताना त्यांना अटकही झाली होती. आपल्यासाठी तुरुंगात गेलेला हा मनुष्य आपल्या पुस्तकांत मला कोठे आढळला नाही.

जानेवारी १९५३ मध्ये कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथे व्याख्यानासाठी गेले असता, रात्री एका मोटारीत दोन पुरुषांसमवेत पोलिसांनी त्यांना पकडले. साठ दिवसांची शिक्षा झाली. जबरदस्ती नव्हती, कोणाची तक्रार नव्हती. पण तेव्हा तेथील कायद्याने तो गुन्हा होता. बारा वर्षांची नोकरी तत्काळ संपली. राजीनामा त्यांनी दिला असे कागदावर म्हणता येईल, परंतु तो दिल्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. पुढे ‘वॉर रेझिस्टर्स लीग’ या दुसऱ्या संस्थेने त्यांना घेतले, त्यालाही मस्ट यांचा विरोध होता. मस्ट हे काही दुष्ट गृहस्थ नव्हते. सारे आयुष्य त्यांनी शांततेसाठी वेचले. म्हणूनच हा प्रसंग मला अधिक बोचतो.

येथे थोडे विषयांतर करतो. बारावीच्या सुट्टीत मी बाजार समितीतील एका आडतीच्या दुकानात कामाला होतो. तेथे शेतकऱ्यांच्या हिशोबपट्ट्या लिहिणारा एक कारकून होता. अक्षर मोत्यासारखे आणि हिशोबात पैचीही चूक नाही. पण त्याच्या चालण्याबोलण्यावरून हमाल-मापाडी त्याला बायल्या म्हणत, तो उठून गेला की मागून टाळ्या वाजवीत. डबा खायला तो पोत्यांच्या थप्पीआड एकटाच बसे. तो समलिंगी होता की नव्हता, कोणालाच ठाऊक नव्हते, आणि ठाऊक करून घेण्याची गरजही वाटली नव्हती. एके दिवशी शेठजींनी त्याला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितले. सज्ञान व्यक्तींमधील संमतीचे समलिंगी संबंध हा गुन्हा नव्हे, असा निकाल आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ सालीच दिला होता. आडतीच्या ओट्यावर तो कोणी वाचला नव्हता. टाळ्या वाजविणाऱ्यांत मीही होतो. हे लिहिताना हात अडखळतो, पण ते झाकून ठेवून रस्टिन यांच्याविषयी लिहिणे मला जमणार नाही.

असो. १९५५ च्या अखेरीस अलाबामातील मॉन्टगोमेरी येथे कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकला आणि किंग या २६ वर्षांच्या धर्मोपदेशकाकडे नेतृत्व आले. फेब्रुवारी १९५६ मध्ये रस्टिन तेथे पोचले तेव्हा किंग यांच्या घरात संरक्षणासाठी बंदुका होत्या. अहिंसा ही केवळ युक्ती नसून जगण्याची रीत आहे, हे किंग यांना पटवून देणाऱ्यांत रस्टिन हे प्रमुख होत. परंतु त्यांचा पूर्वेतिहास बाहेर आल्यास चळवळीची बदनामी होईल, या भीतीने थोड्याच आठवड्यांत त्यांना तेथून हलविण्यात आले. न्यूयॉर्कला बसून ते काम करीतच राहिले. बहिष्कारावर किंग यांच्या नावाने छापून आलेल्या एका लेखाचा कच्चा खर्डा त्यांचा होता. १९५७ साली किंग यांची ‘सदर्न ख्रिश्चन लीडरशिप कॉन्फरन्स’ ही संघटना उभी राहिली, तिचा आराखडाही बऱ्याच अंशी त्यांचाच. काम हवे होते, नाव नको होते. १९६० मध्ये तर हार्लेमचे कृष्णवर्णीय खासदार ॲडम क्लेटन पॉवेल यांनी, किंग व रस्टिन यांचे अनैतिक संबंध असल्याची धादांत खोटी अफवा पसरविण्याची धमकी दिली. हेतू एवढाच, की डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनासमोर निदर्शने होऊ नयेत. रस्टिन यांनी राजीनामा पुढे केला आणि किंग यांनी तो स्वीकारला. किंग यांच्याविषयीचा माझा आदर कमी झालेला नाही, पण येथे ते चुकले असे मी म्हणेन.

१९६३ च्या मोर्चाचे ठरले तेव्हा पुन्हा तोच प्रश्न आला. ज्येष्ठ नेते रॉय विल्किन्स यांनी रस्टिन यांच्या नावाला विरोध केला. त्यावर वृद्ध रॅन्डॉल्फ यांनी तोड काढली: प्रमुख मी होतो, पण माझा साहाय्यक मीच निवडीन. त्यांनी निवडले रस्टिन यांना! हाती दोन महिनेही नव्हते. हार्लेममधील एका जुन्या इमारतीत कचेरी थाटली गेली. किती बसगाड्या, किती आगगाड्या, किती संडास, किती पाण्याचे नळ, प्रथमोपचाराचे तंबू कोठे, याचा हिशोब रात्रंदिवस चालला. उन्हात खराब होते म्हणून सँडविचमध्ये मेयोनीज घालू नये, इथपर्यंत सूचना गेल्या. बंदोबस्तासाठी न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय पोलिसांना बिनहत्यारी उभे राहण्याचे शिक्षण रस्टिन यांनी स्वतः दिले.

मोर्चाला दोन आठवडे उरले असता दक्षिणेतील वर्णविद्वेषी सिनेटर स्ट्रॉम थर्मंड यांनी सभागृहात उभे राहून पॅसाडेनाच्या अटकेची कागदपत्रे काढली. त्यांना वाटले, नेहमीप्रमाणे याही वेळी हा माणूस गळून पडेल. परंतु या वेळी रॅन्डॉल्फ यांनी सर्व नेत्यांच्या वतीने त्यांच्यावर पूर्ण विश्वास असल्याचे जाहीर केले. राजीनामा कोणी मागितला नाही. २८ ऑगस्टला मोर्च्याच्या मागण्या व्यासपीठावरून रस्टिन यांनीच वाचून दाखविल्या, आणि पुढच्या आठवड्यात ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर रॅन्डॉल्फ यांच्या शेजारी त्यांचे छायाचित्र आले.

मोर्च्याच्या मागण्यांपैकी नोकरीतील भेदभावाला बंदी ही मागणी १९६४ च्या कायद्यात उतरली. वंश, वर्ण, धर्म, लिंग इत्यादी कारणांवरून कोणाला कामावरून काढता येणार नाही, असे त्यात लिहिले आहे. त्याच कायद्याखाली समलिंगी म्हणूनही काढता येत नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने सांगितले ते जून २०२० मध्ये.

उत्तरायुष्याविषयी फार लिहीत नाही. व्हिएतनाम युद्धाच्या वेळी ते जुन्या सोबत्यांच्या अपेक्षेप्रमाणे ठामपणे उभे राहिले नाहीत. त्यामुळे पुष्कळ मित्र दुरावले, आणि त्या मित्रांचे म्हणणे मला पटते. पण १९८० नंतर, सत्तरीच्या घरात असताना, समलिंगी माणसांच्या हक्कांसाठी ते उघडपणे बोलू लागले. १९८६ साली न्यूयॉर्क शहरात नोकरी व घर नाकारण्याविरुद्धचा कायदा व्हावा म्हणून त्यांनी साक्षही दिली. त्यांना जोडीदार मिळाला होता, वयाने बराच लहान. लग्नाला कायद्याची मान्यता नव्हती. आपल्यामागे त्याला घरात राहता यावे, इस्पितळात आपल्याजवळ बसता यावे, यासाठी १९८२ मध्ये रस्टिन यांनी त्याला रीतसर दत्तक घेतले.

२४ ऑगस्ट १९८७ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. नोव्हेंबर २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी त्यांना देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान मरणोत्तर दिला, तेव्हा ते पदक घेण्यास तो जोडीदार व्हाइट हाउसमध्ये गेला होता. पॅसाडेनाच्या शिक्षेची माफी कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांनी दिली ती फेब्रुवारी २०२० मध्ये.