डॉ. डेनिस बर्किट

कॉमर्सच्या विद्यार्थ्याने एका सर्जनचे चरित्र लिहावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु ह्या चरित्रात मला प्रथम भावला तो एक जमाखर्च. त्याकडे पुढे येतोच.

डेनिस बर्किट यांचा जन्म १९११ साली आयर्लंडमधील एनिस्किलन येथे झाला. वडील इंजिनिअर. फावल्या वेळी रॉबिन पक्ष्यांच्या पायांत कडी घालून कोणता पक्षी कोठवर फिरतो याचे ते नकाशे काढीत. मुलगा डब्लिनला इंजिनिअरिंगला गेला आणि लवकरच वैद्यकाकडे वळला. लहानपणी अपघातात त्याचा एक डोळा गेला होता. त्यामुळे वसाहत खात्याने आफ्रिकेतील नोकरी आधी नाकारली. महायुद्धात लष्करी डॉक्टर म्हणून पूर्व आफ्रिकेत राहून झाल्यावर १९४६ साली बर्किट युगांडात रुजू झाले.

१९५७ साली कंपालाच्या मुलागो इस्पितळात डॉ. ह्यू ट्रॉवेल यांनी त्यांना सुमारे पाच वर्षांचा एक मुलगा दाखविला. वरच्या व खालच्या जबड्याला, दोन्ही बाजूंना, अशी चार ठिकाणी सूज. चेहरा ओळखू न येण्याइतका बिघडलेला. दातांचे गळू म्हणावे, तर ते एकाच वेळी चार ठिकाणी कसे होईल? काही आठवड्यांनी जिंजा येथे दुसरे मूल तशाच अवस्थेत दिसले. ह्या वेळी त्यांनी पोटही तपासले, तर तेथेही गाठी! मग त्यांनी इस्पितळाची जुनी दफ्तरे काढली. जबड्याची गाठ एका नावाने, मूत्रपिंडाची दुसऱ्या, यकृताची तिसऱ्या नावाने नोंदलेली होती. एकाच इसमाची उधारी तीन खात्यांवर पडावी तसा हा प्रकार. गाठीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहता हा लसीकाग्रंथींचा कर्करोग, म्हणजे लिम्फोमा, असल्याचे पुढे ठरले. दाट काळ्या पेशींत मधूनमधून फिकट पेशी चमकतात. त्या दृश्याला डॉक्टर तारांगणाची उपमा देतात.

आता तो जमाखर्च. रोग कोठे होतो आणि कोठे होत नाही, हे बर्किटना पाहावयाचे होते. प्रथम त्यांनी इस्पितळांना चित्रांची पत्रके धाडली. मग १९६१ साली सुमारे २५० पौंडांची जुनी मोटार घेऊन दोन मित्रांसह दहा आठवड्यांत दहा हजार मैल प्रवास केला व पन्नासाहून अधिक इस्पितळे पाहिली. एकूण खर्च ६७८ पौंड! नकाशावर पट्टा उमटला. विषुववृत्ताजवळ पाच हजार फुटांच्या वर रोग जवळजवळ नाही. दक्षिणेकडे जावे तसतसा तो सखल भागापुरता उरतो. म्हणजे प्रश्न उंचीचा नव्हे, उष्णतेचा आणि पावसाचा होता. तोच पट्टा हिवतापाचाही निघाला. त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांचे लंडनमधील व्याख्यान अँथनी एप्स्टाइन यांनी ऐकले होते. त्यांनी कंपालाहून विमानाने गाठींचे तुकडे मागविले आणि १९६४ साली सहकाऱ्यांसह त्यांत एक विषाणू शोधला. माणसाच्या कर्करोगाशी जोडला गेलेला तो पहिला विषाणू. सतत हिवतापाने ग्रासलेल्या मुलांत हा विषाणू घात करतो, असे आज मानतात.

पण आजारी मुलांचे काय? ही गाठ एकदोन दिवसांत दुप्पट होऊ शकते. सर्व गाठी कापून काढणे अशक्य, आणि कंपालात किरणोपचाराचे यंत्र नव्हते. बर्किटनी मेथोट्रेक्सेट, सायक्लोफॉस्फामाइड वगैरे औषधे थोड्या मात्रेत दिली. काही दिवसांतच सुजलेले चेहरे उतरू लागले. कित्येकांचा रोग उलटला, परंतु काही मुले कायमची बरी झाली. औषधाने कर्करोग बरा होतो यावर त्या काळी फारच थोड्यांचा विश्वास होता. आज अनेक औषधे एकत्र देतात, मेंदूत रोग जाऊ नये म्हणून काही औषधे पाठीच्या कण्यातूनही देतात. श्रीमंत देशांत बहुतेक मुले वाचतात. आफ्रिकेत मुले उशिरा पोहोचतात, औषधोपचार अर्धवट सुटतो, आणि तेथे हा आकडा अजून बराच खाली आहे.

१९६६ साली बर्किट इंग्लंडला परतले. उत्तरायुष्यात त्यांनी आहारातील चोथ्याचा प्रचार केला आणि सामान्य लोकांत ते त्यामुळेच अधिक गाजले. मला मात्र त्यांची ती जुनी मोटारच जास्त आठवते. २३ मार्च १९९३ रोजी त्यांचे निधन झाले.