महाडची हाक आणि अध्यक्षा रमाई

दरवर्षी २० मार्च जवळ आला की कोकणच्या वाटा महाडकडे वळतात. निळे झेंडे लावलेल्या गाड्या, पांढऱ्या साड्यांतल्या आयाबहिणी, खांद्यावर लेकरे घेतलेले तरुण बाप चवदार तळ्याच्या काठावर येऊन ओंजळभर पाणी पितात आणि १९२७ सालच्या त्या ओंजळीची आठवण करतात. २५ डिसेंबरला मनुस्मृती दहनाच्या भूमीवर पुन्हा गर्दी होते. व्यासपीठावर तथागत आणि बाबासाहेब यांच्या शेजारी माता रमाईची तसबीर असते. तिला हार घातला जातो, तिच्या त्यागाची गाणी होतात, डोळे ओले होतात. मग अध्यक्ष, स्वागताध्यक्ष, सरचिटणीस आणि प्रमुख वक्ते आपापल्या खुर्च्यांवर बसतात. त्यात बाई किती असतात? बहुतेक ठिकाणी महिला मंडळाच्या भगिनी स्वागतगीत म्हणतात, पाहुण्यांना पुष्पगुच्छ देतात आणि भोजनदानाच्या मांडवात निघून जातात.

ज्या माउलीच्या तसबिरीला आपण हार घालतो, ती स्वतः एका संघटनेची अध्यक्षा होती, ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? शेणी थापणारी, उपाशी राहणारी, मुले गमावणारी रमाई घराघरांत पोहोचली. अध्यक्षा रमाई मात्र पोहोचली नाही. म्हणून तिचे चरित्र आज पुन्हा एकदा सांगावेसे वाटते.

रमाईचा जन्म ७ फेब्रुवारी १८९८ चा. गाव वणंद, दापोली तालुका. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरावर माशांच्या पाट्या वाहायचे. आई रुक्मिणी. तीन बहिणी आणि शंकर नावाचा धाकटा भाऊ. घरात अठराविश्वे दारिद्र्य. आई लवकर गेली, पाठोपाठ वडीलही गेले. पोरकी झालेली ही लेकरे नातेवाइकांनी मुंबईत भायखळ्याला आणली. १९०६ साली भायखळ्याच्या मंडईत, दिवसभराचा बाजार उठल्यावर रात्री त्यांचे लग्न लागले. वर एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकणारे भीमराव. वधू अवघ्या आठ-नऊ वर्षांची. मासळीच्या ओट्यांचे बाक करून वऱ्हाडी बसले, असे सांगतात. चार भिंतींचा मांडवसुद्धा त्या लग्नाला मिळाला नाही.

पुढची वर्षे आपण जाणतो. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार रामजी गेले. त्याच वर्षी भीमराव शिक्षणासाठी अमेरिकेला गेले ते १९१७ साली परतले. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली बॅरिस्टर होऊन आले. म्हणजे संसाराच्या ऐन उमेदीची सहा-सात वर्षे रमाईने नवऱ्याच्या माघारी काढली. परळच्या चाळीतल्या त्या लहानशा घरात सासरची माणसे होती, लहान मुले होती, आजारपणे होती. शेण गोळा करून, गोवऱ्या थापून तिने चूल पेटती ठेवली. पाच अपत्यांपैकी एकटा यशवंत जगला. गंगाधर, रमेश, इंदू गेली आणि जुलै १९२६ मध्ये लाडका राजरत्नही गेला. हे दुःख सांगताना आपले वक्ते थांबत नाहीत आणि थांबूही नये. पण या साऱ्या काळात ती एक मोठे काम शिकत होती, तिकडे आपले लक्ष जात नाही. अपुऱ्या पैशात सगळ्यांचे पोट भरणे, कोणाला आधी आणि कोणाला नंतर हे ठरवणे, येणाऱ्या-जाणाऱ्या कार्यकर्त्याला उपाशी न पाठवणे, कर्जाला शिस्तीने तोंड देणे हा कारभार होता. बाबासाहेबांच्या घराचा हा कारभार रमाईच्या हाती होता.

आता महाडकडे वळू या. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. ती भरवण्यासाठी रामचंद्र बाबाजी मोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावे पालथी घातली होती. मुंबई कायदेमंडळात १९२३ साली बोले यांचा ठराव झाला होता. त्याला धरून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा निर्णय महाड नगरपालिकेने, सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्या कारकिर्दीत, घेतला होता. ठराव कागदावर होता, पाणी तळ्यात होते आणि आपली माणसे तहानलेली होती. २० मार्चला बाबासाहेबांनी हजारो लोकांसह तळ्यावर जाऊन ते पाणी प्राशन केले. मग सनातन्यांनी देऊळ बाटवणार अशी अफवा उठवली, आपल्या लोकांची डोकी फोडली आणि तळ्याचे शुद्धीकरण केले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. बाबासाहेबांनी डिसेंबरमध्ये सत्याग्रह जाहीर केला.

तो डिसेंबर रमाईच्या घरावर कसा आला? राजरत्न जाऊन दीड वर्ष होत नाही तोच, १९२७ च्या नोव्हेंबरात तिचे थोरले दीर बाळाराम वारले. घरावर सुतक होते आणि त्याच घरातला कर्ता पुरुष पुढच्याच महिन्यात महाडला निघाला होता. मार्चमध्ये तिथे काय झाले होते हे रमाईला माहीत होते. तरी तिने वाट अडवली नाही. आपण याला त्याग म्हणतो. माझ्या मते याला निर्णय म्हणावे. त्यागाला नुसते सोसणे पुरते, निर्णयाला समज लागते.

महाडला सनातन्यांनी कोर्टाचा मनाई हुकूम आणला होता. सभेला जागाही मिळेना. फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थाने आपली जागा दिली. २५ डिसेंबर १९२७ रोजी तिथे मनुस्मृतीची होळी झाली. स्त्रीला बाप, नवरा आणि मुलगा यांच्या ताब्यात देणारा तो ग्रंथ होता. शूद्रातिशूद्रांप्रमाणे स्त्रियांच्या पायांतल्या बेड्याही त्याने घडवल्या होत्या. म्हणूनच आज फुले-आंबेडकरी महिला संघटना २५ डिसेंबर हा भारतीय स्त्री मुक्ती दिन म्हणून पाळतात.

याच परिषदेच्या दिवसांत बाबासाहेबांनी स्त्रियांची वेगळी सभा घेतली. महाड, पोलादपूर, माणगावच्या डोंगरवाड्यांतून आलेल्या, गुडघ्यापर्यंत लुगडे नेसलेल्या, हातापायांत जड कडी घातलेल्या बाया समोर बसल्या होत्या. अस्पृश्यतेची ही खूण अंगावरून उतरवा, लुगडे घोट्यापर्यंत नेसा, जड दागिने टाका, मेलेल्या जनावराचे मांस घरात शिजू देऊ नका, दारू पिणाऱ्या नवऱ्याला आणि मुलाला थारा देऊ नका, मुलींना शिकवा, असा त्या भाषणाचा आशय होता. बायांनी तो लगेच अमलात आणला. इंदिराबाई चित्रे आणि लक्ष्मीबाई टिपणीस या वरच्या जातीतल्या भगिनींनी त्यांना नव्या पद्धतीने लुगडे नेसायला मदत केली. ज्या पदरावर हजारो वर्षांचा शिक्का होता तो पदर महाडात बदलला. पुरुषांची परिषद ठराव करून उठली. बायांनी मात्र ठराव अंगावर नेसून घरची वाट धरली.

महाडची ही हाक मुंबईत पोहोचायला वेळ लागला नाही. कोकणातला गिरणी कामगार आणि गोदी कामगार मुंबईच्या चाळींत होता. गावची बातमी त्याच्या घरी पत्राआधी पोहोचायची. महाडच्या सत्याग्रहाला महिना होत नाही तोच, जानेवारी १९२८ मध्ये मुंबईत आपल्या स्त्रियांची संघटना स्थापन झाली आणि अध्यक्षपदी रमाईची निवड झाली.

बंधूंनो आणि भगिनींनो, इथे क्षणभर थांबा. ही बाई कोण होती? वणंदची पोरकी पोर. शाळेची पायरी न चढलेली. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, नवऱ्याच्या आग्रहाने. सभेत भाषण ठोकण्याची सवय नाही. आज एखाद्या महिला मंडळाचे नाव निघाले की आपण म्हणतो, बायकांना व्यवहार कळत नाही, हिशेब कोण ठेवील, तालुक्याला अर्ज घेऊन कोण जाईल? १९२८ साली हाच प्रश्न विचारला असता तर रमाई अध्यक्षा झाली असती का? त्या चाळींतल्या बायांनी तो विचारला नाही. ज्या बाईने चळवळीचे घर चालवले ती चळवळीची संघटनाही चालवील, इतका साधा विश्वास त्यांनी ठेवला.

तो विश्वास खोटा नव्हता हे धारवाडच्या हकिकतीतून कळते. १९२८ साली बाबासाहेबांनी शिक्षण संस्था काढली आणि ठिकठिकाणी विद्यार्थ्यांची वसतिगृहे सुरू झाली. धारवाडचे वसतिगृह बळवंतराव वराळे पाहत. रमाई तिथे राहायला गेल्या असता मुलांचा खेळण्याचा आवाज ऐकू येईना. विचारल्यावर कळले की अनुदान आलेले नाही, धान्य संपले आहे, मुले उपाशी आहेत. रमाईने हातातल्या सोन्याच्या बांगड्या काढून दिल्या, धान्य आणवले आणि स्वतः चुलीपुढे बसल्या. ही हकिकत आपण मायेची म्हणून सांगतो. ती मायेची आहेच. पण संस्थेची तिजोरी रिकामी पडली असताना पुढचे अनुदान येईपर्यंत संस्था चालू ठेवण्याचा मार्ग एका बाईने काढला, हेही त्यात आहे. आजच्या भाषेत याला व्यवस्थापन म्हणतात.

रमाईची प्रकृती पुढे ढासळत गेली. दादरचे राजगृह उभे राहिले, पण त्या घरात फार दिवस राहणे तिच्या नशिबी आले नाही. २७ मे १९३५ रोजी तिथेच तिचे निधन झाले. येवल्याची धर्मांतराची घोषणा त्यानंतर पाचच महिन्यांनी झाली. महाडचा खटला १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयात आपल्या बाजूने लागला, तोही तिने पाहिला नाही. बाबासाहेबांनी पाकिस्तानावरचा आपला ग्रंथ तिच्या स्मृतीला अर्पण केला. शिकलेल्या जगापुढे एवढा मोठा मान आपल्या समाजातल्या किती बायांना त्या काळी मिळाला?

तिने धरलेला धागा मात्र तुटला नाही. १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहात शेकडो स्त्रिया उतरल्या. नागपुरात जाईबाई चौधरी यांनी हमाली करता करता शिकून मुलींची शाळा चालवली. जुलै १९४२ मध्ये नागपूरला अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली आणि सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षपदी बसल्या. बायांचा हा इतिहास मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी गावोगाव फिरून गोळा केला नसता तर कदाचित विस्मरणात गेला असता. त्यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ साली आले. ते प्रत्येक बौद्धवाडीच्या विहारात असायला हवे.

आता आपल्या घरचे पाहू. महाड-पोलादपूरच्या डोंगरात पाऊस कोसळतो आणि उन्हाळ्यात त्याच वाड्यांत बायांच्या डोक्यावरचा हंडा उतरत नाही. पुरुष पोटापाण्यासाठी मुंबईत. गावात शेत, म्हातारीकोतारी, शाळेची मुले आणि पाणी हे सारे बाईच्या अंगावर. २२ जुलै २०२१ च्या पुराने महाड बुडाले, तळियेत दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली, पोलादपूरच्या वाड्यांवरही डोंगर उतरला. त्यानंतर चिखल उपसणाऱ्या आणि चुली मांडणाऱ्या हातांत बायांचे हात किती होते, हे ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको. बचत गट त्याच चालवतात. कातकरी वाडीवरचे कुटुंब वीटभट्टीवर निघाले की मागे राहिलेल्या पोरांची विचारपूस शेजारची बाईच करते. बायांनी चालवलेली संस्था म्हणजे परदेशातून आलेली काही नवी कल्पना आहे, असे समजू नये. तिचे मूळ इथल्या मातीत, १९२७ च्या डिसेंबरात आहे.

तरी गावच्या आपल्या मंडळांची रचना कशी आहे? एक मुंबई मंडळ, एक ग्रामीण मंडळ आणि एक महिला मंडळ. निर्णय मुंबई मंडळात, अंमलबजावणी ग्रामीण मंडळात आणि जेवणाची व्यवस्था महिला मंडळाकडे. विहाराच्या बांधकामाला बाई वर्गणी देते, श्रमदान करते, पण खात्यावर सही तिची नसते. ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायांना मिळाल्या, पण सरपंचबाईंच्या खुर्चीवर कित्येकदा त्यांचे यजमानच बसलेले दिसतात. मनुस्मृती आपण जाळली, पण तिची राख आपल्याच घराच्या कोपऱ्यात अजून शिल्लक आहे, हे कबूल करायला लाज वाटू नये. लाज वाटावी ती राख झाडायला उशीर केल्याची.

माझी सूचना साधी आहे. येत्या २५ डिसेंबरला रमाईच्या तसबिरीला हार घालाल तेव्हा आपल्या वाडीच्या मंडळाची घटना काढून वाचा. कार्यकारिणीत निम्म्या बाया घ्या. खजिनदार बाई करा, कारण रिकाम्या डब्यात महिना काढण्याचा अनुभव तिलाच आहे. पाण्याच्या समितीवर तिचे नाव नुसते लिहू नका, तिला बैठकीला बोलवा आणि बैठक तिच्या सवडीच्या वेळी ठेवा. लेकीला बारावीनंतर घरी बसवू नका. आणि पुढच्या २० मार्चला तळ्याकाठच्या सभेचे अध्यक्षपद महाड किंवा पोलादपूरच्या एखाद्या वाडीतल्या बाईला द्या. ती लांबलचक बोलणार नाही, पण जे बोलेल ते पाण्याचे बोलेल, आणि महाडला पाण्याइतके दुसरे काय शोभते?

रमाईची गाणी आपण पुष्कळ गायली. आता तिची खुर्चीही मांडू या. जयभीम!