टिळकांचा दरबार

काचीगुड्याच्या स्टेशनावर गाडीची वाट पाहताना मला रेव्हरंड नारायण वामन टिळक आठवतात. १८९३ साली राजनांदगावच्या वाटेवर आगगाडीतच एका सहप्रवाशाने त्यांना 'नवा करार' दिला. १८९५ मध्ये करजगावच्या या ब्राह्मण कवीने बाप्तिस्मा घेतला. आप्त दुरावले, लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या, परंतु १९०० साली त्याही ख्रिस्ती झाल्या. टिळकांनी भजन-कीर्तन ख्रिस्तमंदिरात नेले. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघेही तेथे भाऊच. १९१९ साली ते निवर्तले. आमच्या पंगतीत मात्र आधी आडनाव विचारण्याची सवय अजून सुटलेली नाही.