सहा प्रश्न आणि आनंदीबाई

सोसायटीच्या मीटिंगमध्ये एखादा साधा मुद्दा मांडायचा म्हटलं तरी आपल्यातल्या कितीजणींच्या पोटात गोळा येतो! मनात चार वाक्यं जुळवून नेलेली असतात, पण समोर माणसं दिसली की सगळं विसरायला होतं. अशा वेळी मला हटकून आनंदीबाई जोशी आठवतात. पहिल्या महिला डॉक्टर म्हणून शाळेच्या पुस्तकापासून आपण त्यांना ओळखतो. श्री. ज. जोशींची ‘आनंदी गोपाळ’ पुष्कळजणींनी वाचलेली असते, २०१९ सालचा सिनेमाही पाहिलेला असतो. पण डॉक्टर होण्याच्या तीन वर्षं आधी त्यांनी एक भाषण केलं होतं. ते मला त्यांच्या पदवीइतकंच मोठं वाटतं.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५चा. माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं, नवरा वीसेक वर्षांनी मोठा, पोस्टात नोकरी करणारा. गोपाळराव म्हणजे विक्षिप्त माणूस. बायकोला शिकवायचं हे त्यांचं वेडच होतं आणि त्यासाठी ते तिच्यावर हातही उगारत. कुणी त्यांना उदार नवरा म्हणतं, कुणी छळवादी. मला वाटतं, दोन्ही खरं आहे. पुढे अमेरिकेतून लिहिलेल्या पत्रात आनंदीबाईंनी या माराची आठवण नवऱ्याला स्पष्टपणे करून दिली होती.

चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. योग्य उपचार मिळाले असते तर बाळ वाचलं असतं, हे त्यांच्या मनाने घेतलं. पुरुष डॉक्टरला दाखवण्यापेक्षा बायका दुखणं अंगावर काढत, त्यातच मरत. आपण डॉक्टर व्हायचं, हे इथूनच सुरू झालं.

गोपाळरावांनी १८७८मध्ये एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहून बायकोच्या शिक्षणासाठी मदत मागितली. त्याची अपेक्षा धर्मांतराची होती, ती काही यांना मान्य नव्हती. पण ते पत्र अमेरिकेतल्या एका मासिकात छापून आलं. आणि बघा योगायोग! न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी ते दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघताना वाचलं. त्यांनी पत्र पाठवलं, आनंदीबाईंनी उत्तर दिलं, आणि दोघींचं असं काही जुळलं की आनंदीबाई त्यांना मावशीच म्हणू लागल्या. इथले सण, रीतीभाती, स्वतःची दुखणी, सगळं त्या इंग्रजीतून लिहीत. मला वाटतं, त्यांची खरी शाळा ही पत्रं. परक्या माणसाला आपलं म्हणणं कसं पटवायचं, हे त्या तिथेच शिकल्या.

पुढे गोपाळरावांची बदली बंगालमध्ये, कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरला झाली. (याच श्रीरामपुरात विल्यम कॅरीने १८०५मध्ये मराठीचं व्याकरण छापलं होतं.) आनंदीबाई एकट्याच अमेरिकेला निघणार, ही बातमी फुटली आणि गावात एकच गदारोळ झाला. कुणी नावं ठेवली, कुणी बाटणार म्हणून मोकळे झाले. रस्त्यात लोक टक लावून बघत. आता अशा वेळी आपण काय करू? दार लावून घरात बसू, नाहीतर भांडायला उठू. आनंदीबाईंनी तिसरंच केलं. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी त्या श्रीरामपूर कॉलेजच्या हॉलमध्ये उभ्या राहिल्या आणि जमलेल्या लोकांशी चक्क इंग्रजीतून बोलल्या. वयाची अठरा वर्षंही पुरी व्हायची होती.

भाषणाची मांडणी बघण्यासारखी आहे. लोक पाठीमागे जे सहा प्रश्न विचारत होते, तेच त्यांनी पुढ्यात घेतले. अमेरिकेला कशासाठी? इथे शिकायची सोय नाही का? एकटीच का? परतल्यावर वाळीत टाकलं तर? काही वाईट ओढवलं तर? आणि आजवर कुठल्या बाईने केलं नाही ते तूच का करायचं?

उत्तरं एकेका प्रश्नाला, आडवळण न घेता. हिंदू स्त्री डॉक्टरांची देशाला गरज आहे आणि ते काम करायला मी तयार आहे. मद्रासला कॉलेज आहे, पण बाकी ठिकाणी सुइणीच्या शिक्षणापलीकडे फारसं काही नाही. शिवाय शिकायला बाहेर पडलेल्या बाईला इथे कसं वागवतात हे त्यांनी स्वतःच्याच अनुभवातून सांगितलं. पायात बूट घालून नवऱ्याबरोबर चालत गेलं तरी लोक कशी टिंगल करत, ते ऐकणाऱ्यांमध्ये टिंगल करणारेही असणारच! एकटी का, तर नवऱ्यावर म्हातारे आईवडील आणि धाकटे भाऊ अवलंबून आहेत, त्यांना कोण बघणार? वाळीत टाकण्याचं म्हणाल तर मी हिंदू म्हणून जाणार, हिंदू म्हणूनच परत येणार. आणि संकटं काय, घरात बसलं तरी चुकत नाहीत.

विरोध करणाऱ्यांना त्यांनी मूर्ख ठरवलं नाही. त्यांची शंका आधी नीट मांडली, मगच उत्तर दिलं. रडगाणं नाही, उपदेश नाही. ऐकणारे सगळेच काही लगेच बदलले नसतील. पण वारं फिरलं खरं, लोकांनी मदतीसाठी पैसेही गोळा केले. आनंदीबाईंनी दागिने विकले ते वेगळंच.

७ एप्रिल १८८३ला त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या, जूनमध्ये न्यूयॉर्कला पोचल्या. तिथे मावशी उतरवून घ्यायला आल्या होत्या. पुन्हा प्रश्न आलाच, फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजात प्रवेशाचा. हातात नियमाप्रमाणे पात्रता पुरेशी नव्हती. त्यांनी अर्जात ते लपवलं नाही. मित्रांचा आणि जातीचा विरोध पत्करून जिद्दीने इथवर आले आहे आणि माझ्या देशातल्या बायकांना मदत हवी आहे, एवढंच त्यांनी लिहिलं. कॉलेजने प्रवेश दिला, शिष्यवृत्तीही दिली. डीन रेचल बॉडली यांनी पुढे त्यांना फार जपलं.

शब्द पाळणं मात्र भलतंच कठीण गेलं. फिलाडेल्फियाची ती थंडी, धुराने भरणारी खोली, शाकाहारी जेवणाचे हाल. नऊवारीत पाय उघडे पडून गारठत, म्हणून साडी गुजराती पद्धतीने नेसायला लागल्या, पण साडी सोडली नाही. तब्येत मात्र ढासळत गेली. तरी ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी. मिळाली. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. पदवीदानाला पंडिता रमाबाई मुद्दाम तिथे गेल्या होत्या.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांच्यासाठी ठरलीही होती. त्या परतल्या १८८६च्या नोव्हेंबरात, पण क्षयाने पोखरूनच. ज्या गावाने आधी नावं ठेवली असती, त्या पुण्यातले लोक आता चौकशीला येत होते. २६ फेब्रुवारी १८८७ला त्या गेल्या, बावीस पुरी व्हायला महिनाभर होता. कोल्हापूरच्या हॉस्पिटलात एकही रुग्ण त्यांना तपासता आली नाही.

गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी मावशींकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, त्या आजही आहेत. तिथल्या दगडावर शिक्षणासाठी भारत सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, असा उल्लेख कोरलेला आहे.