वै. विष्णुबुवा जोग आणि कीर्तनाची तालीम

सप्ताहाच्या मंडपात एखादा तरुण पहिल्यांदाच कीर्तनाला उभा राहतो, तेव्हा त्याचे पाय लटपटतात, घसा कोरडा पडतो. आमच्या मीरा-भाईंदरकडे घाटावरून नि कोकणातून आलेली वारकरी घरे पुष्कळ. त्यांतल्या शिकल्यासवरल्या मुलांनाही चार माणसांपुढे अभंग सांगायचा म्हटला की धडकी भरते. अशा मुलांना आम्हांस जोग महाराजांचे चरित्र सांगावेसे वाटते.

बुवांचा जन्म १८६७ सालचा, पुण्याचा. लहानपणी कुस्तीचा मोठा नाद. पुढे मन परमार्थाकडे वळले, तेव्हा आळंदीस जाऊन माउलींच्या समाधीवरची माळ त्यांनी गळ्यात घातली. लग्न केले नाही. सगळा जन्म ज्ञानेश्वरी, अमृतानुभव आणि तुकोबांची गाथा यांच्या चिंतनात घालविला. गाथा व अमृतानुभव त्यांनी अर्थासह छापून काढले.

त्या काळी कीर्तन शिकायचे म्हणजे एखाद्या फडावर वर्षानुवर्षे टाळ धरून ऐकत राहायचे. ज्याच्या घरी परंपरा नाही, त्या खेड्यातल्या पोराने जायचे कुठे? बुवांनी १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढली, ती अशा पोरांसाठी. चार वर्षांचा अभ्यास, फी नाही. मुलांनी मधुकरी मागावी, पाठांतर करावे, अर्थ समजून घ्यावा.

हा अभ्यास पाहिला म्हणजे आम्हांस तालीमच आठवते. पैलवानाला धीर येतो तो जत्रेच्या दिवशी नव्हे. रोज पहाटे अंगाला माती लागते तेव्हा तो येत असतो. कीर्तनाचेही तसेच. मुलगा आधी मागे उभा राहून टाळ धरतो, चाली उचलतो. मग बसून ओवीवर प्रवचन करतो. आणि मग कुठे अभंग घेऊन पुढे उभा राहतो. तेव्हाही तो एकटा नसतो. पाठीशी टाळकरी, बाजूला मृदंग. मध्येच प्रमाण आठवेना झाले, तर मागचा कुणी चरण उचलून धरतो, तेवढ्यात याचा श्वास परत येतो. भीती जाते ती अशी, पायरीपायरीने. नुसत्या गोड गळ्याने नाही जात.

संस्था निघाल्यावर बुवांना आयुष्य लाभले अवघे तीन वर्षांचे. १९२० साली आळंदीसच त्यांनी देह ठेवला. मागे मोठी इस्टेट नाही, मुलेबाळे नाहीत. पण शिष्य होते. बंकटस्वामी, मारुतीबुवा गुरव यांनी हे काम पुढे नेले. त्यांतलेच सोनोपंत दांडेकर मूळचे आमच्या भाईंदरची खाडी ओलांडून पुढे लागणाऱ्या केळवे-माहीमकडचे. ते पुण्यास स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, आणि तरी शेवटपर्यंत वारकरीच राहिले. वर्गात तत्त्वज्ञान आणि मंडपात ज्ञानेश्वरी, दोन्हीकडे ते तितक्याच सहजतेने बोलत.

तेव्हा ज्या मुलाचे पाय आज कापतात, त्याने लाजू नये. त्याने एक अभंग घ्यावा, तो पुरता पाठ करावा, अर्थ विचारावा आणि आधी मागे टाळ धरून उभे राहावे. आणि आपण मोठ्यांनी काय करायचं? तो चुकला तर हसायचं नाही. चरण उचलून धरायचा.